‘माझ्याच्यानं होणार नाही’ हे श्वासानं बदलतं का?

प्रश्न गंगाखेड तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. परभणीला कृषी पदवी झाली. बियाणं कंपनीच्या दोन मुलाखती पुण्यात झाल्या आणि दोन्हींत बोलतीच बंद झाली. छातीत धडधड, घशाला कोरड, हात थंडगार. ‘मी मंद आहे, चारचौघांत बोलणं माझ्याच्यानं होणार नाही’ हे सातवीपासून मनात पक्कं बसलंय, असं ती लिहिते. घरी मात्र वडिलांना सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याबद्दल तासभर सांगू शकते. श्वास आणि शरीराच्या हालचालींनी अशा समजुती एकवीस दिवसांत पुसता येतात असं तिनं व्हिडिओंत पाहिलंय. हे खरं आहे का, सुरुवात कुठून करू आणि घरी सांगू का, हे तिचे तीन प्रश्न.

मी अंबाजोगाईत योग शिकवते आणि समुपदेशनही करते, त्यामुळे दोन्हीकडून सांगते. तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

निम्मं खरं आहे. श्वासानं समजूत पुसली जात नाही. श्वासानं अंग इतपत ताळ्यावर येतं की ज्याची धास्ती आहे ते काम थोडंसं करून बघता येतं, आणि समजूत हलते ती ते करून बघितल्यानं. व्हिडिओवाले पहिला भाग विकतात. दुसऱ्या भागात घाम गाळावा लागतो, म्हणून त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आधी मुलाखतीत तुझ्या अंगात काय झालं ते बघ. समोरच्यानं प्रश्न विचारला. तू श्वास आत घेतलास आणि तो तिथंच अडकला. खांदे वर चढले, पोट आत ओढलं गेलं. अशा अडकलेल्या श्वासावर वाक्य सुरू केलं की आवाज बारीक निघतो आणि वाक्याच्या मध्येच दम संपतो. तो बारीक आवाज समोरच्याच्या आधी तुझ्याच कानावर पडतो. मन लगेच म्हणतं, बघ, येतच नाही तुला. धडधड आणखी वाढते, पुढचं वाक्य आणखी पडतं. म्हणजे तुझी समजूत दर वेळी तुझ्याच अंगाची साक्ष काढते आणि खटला जिंकते. सातवीत कोण काय बोललं होतं ते आता उकरायची मला घाई नाही. ही साक्ष बदलायची आहे.

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली मांडलं की ‘हे मला जमेल’ हा भरवसा माणसाला चार ठिकाणांहून मिळतो. स्वतः करून जमलं हा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसानं दिलेला धीर, आणि त्या क्षणी आपलं शरीर काय सांगतंय त्याचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात दमदार पहिला. श्वासाचं काम चौथ्यात येतं, हालचालीचं चौथ्यात आणि पहिल्यात. दुसऱ्या ठिकाणाबद्दल, म्हणजे आपल्यासारख्याला जमताना पाहण्याबद्दल, एकच सांगते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंच्या मध्ये घुसून रौप्य घेऊन आला, तेव्हा बीडकडच्या पोरांची छाती फुगली ती उगाच नाही. पण तुला त्याच्यापेक्षा तुझ्याच कॉलेजातली, तुझ्यासारखीच बोलणारी, नोकरीला लागलेली एखादी सीनिअर जास्त उपयोगी पडेल. तिला शोध आणि तिची पहिली मुलाखत कशी फसली होती ते विचार.

आता काय चालत नाही ते आटपते. आरशासमोर ‘मी हुशार आहे, मी धीट आहे’ असं घोकू नकोस. कॅनडातल्या संशोधकांनी २००९ साली हे तपासलं होतं. ज्यांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं त्यांना अशी वाक्यं म्हणून बरं वाटायचं सोडून आणखी वाईट वाटलं. साहजिक आहे, मन आतून ‘खोटं बोलतेस’ म्हणत राहतं. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ऐटीत उभं राहिलं की आत्मविश्वासाची संप्रेरकं वाढतात, हेही तू पाहिलं असशील. तो प्रयोग २०१० चा. २०१५ मध्ये जास्त लोकांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही आणि २०१६ मध्ये मूळ संशोधकांपैकी एकीनं आपला त्यावर विश्वास राहिला नसल्याचं जाहीर लिहिलं. ताठ उभं राहू नकोस असं मी म्हणत नाही, त्यावर नोकरी मिळेल अशी आशा ठेवू नकोस. आणि एकवीस दिवसांचं म्हणशील तर १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जननं लिहिलं की रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळला आणि चेहऱ्याच्या जागी सगळं आयुष्य आलं. पुढं लंडनच्या विद्यापीठात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं, तर सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा कॅलेंडरवर फुल्या मारत बसू नकोस.

श्वासाकडं येऊ. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, तरुणांत जास्त स्पष्ट. सोडताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला आवर घालतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की धडधड थोडी खाली येते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तो आकडा सहाच्या आसपास आणला की ठोके आणि श्वास एका लयीत येतात. इटलीतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवलं होतं की लॅटिनमधली जपमाळ किंवा बौद्ध मंत्र लयीत म्हटला तर श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. तू तर जनाबाईंच्या गंगाखेडकडची. संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांचं पोट बघ एकदा, एका चरणात सगळी हवा सावकाश सोडतात आणि पुढच्या चरणाआधी न दिसता भरून घेतात. आवडत असेल तर तुझा प्राणायाम म्हणून हरिपाठ म्हण, माझी काही हरकत नाही.

नसेल आवडत तर असं कर. खुर्चीवर बस, दोन्ही टाचा जमिनीला टेकव. एक हात बेंबीवर ठेव. नाकानं चार आकडे मोजत आत घे, हात पुढं आला पाहिजे. सहा आकडे मोजत सोड. पाच मिनिटं, रोज एका ठरलेल्या वेळी. इथं नव्वद टक्के मुली एकच गडबड करतात, सावकाश घ्यायच्या ऐवजी खोल घेतात. छाती भरभरून घेतली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि ‘बघा मॅडम, मला तर श्वाससुद्धा जमत नाही’ असं म्हणून ती बाजूला बसते. मुंग्या आल्या तर समज, जास्त घेतलास. कमी घे.

ऐनवेळी, म्हणजे नाव पुकारण्याच्या आधी, पाच मिनिटं मिळत नाहीत. तेव्हा नाकानं एक श्वास घे, त्याच्यावरच आणखी एक छोटा घे, आणि तोंडानं लांब सोड. दोन-तीन वेळा पुरे. लहान लेकरू रडून शांत होताना असाच हुंदका घेतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये लोकांकडून हे रोज पाच मिनिटं महिनाभर करून घेतलं. त्यांचा मूड नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. मुलाखतीआधी कपालभाती मात्र नको. ती अंग चेतवते, आणि तुझं अंग आधीच चेतलेलं आहे.

आता हालचाल, आणि माझ्या मते खरी मेख इथंच आहे. प्रत्येकाकडं निदान एक काम असं असतं की ते करताना त्याचं अंग स्वतःवर शंका घेत नाही. ते काम शोधायचं, त्यातलं उभं राहणं, हात, श्वास नीट बघून घ्यायचा आणि तोच ठेवून धास्तीच्या कामाला हात घालायचा. नवं काही शिकायचं नाही, आहे ते दुसऱ्या जागी न्यायचं.

आमच्या तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांसोबत बसले होते. पन्नाशीच्या एका मावशींना ग्रामसभेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं होतं. सरावाला उभ्या राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, पायाची बोटं चटईत रुतवलेली, नजर खाली. आवाज माझ्यापर्यंतसुद्धा येईना. ‘मला नाही बाई येत बोलाया,’ म्हणून खाली बसल्या. मी विचारलं, मावशी, लांबच्या बांधावर घरधनी असले तर जेवायला कशी हाक मारता? बायका हसल्या. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, डावा पाय पुढं, तळहात तोंडाशी, आणि अशी हाक दिली की शेजारणीनं कानावर हात ठेवले. म्हटलं, आता पाय असेच ठेवा, हात खाली घ्या, आवाज निम्मा करा आणि टाकीचं सांगा. सांगितलं. वाक्यं मागंपुढं झाली, पण एकही घशात मेलं नाही. हाक मारताना दम कोंडून चालतच नाही. पाय रोवलेले लागतात, पोटातून हवा सुटावी लागते. ते सगळं त्यांच्या अंगाला लहानपणापासून येत होतं, फक्त चटईवर उभं राहिल्यावर कुणी त्याला बोलावलं नव्हतं. पुढं ग्रामसभेत त्या तीन वाक्यं बोलल्या. तीनच, पण टाकीचा विषय त्या दिवशी इतिवृत्तात आला.

तुझं ते काम तूच लिहिलंस, चक्रीभुंगा. वडिलांना सांगताना तू कशी उभी असतेस? हातात सोयाबीनचं झाड धरलेलं असेल. मादीनं खोडावर केलेल्या दोन गोल खापा नखानं दाखवत असशील, या दोहोंच्या मध्ये अंडी घातलेली असतात, म्हणून वरचा शेंडा सुकतो, असं सांगताना बोट खालून वर जात असेल. तेव्हा श्वास कुठं असतो? खांदे कुठं असतात? पुढच्या वेळी सांगताना बहिणीला मोबाईलवर तुझं चित्रण करायला सांग. आवाज बंद करून बघ, नुसतं अंग बघ. मग दुसऱ्या दिवशी हंगाम नसला तरी तुरीची वाळली काडी घे आणि एकटीनं तेच सांग. त्यानंतर काडी न घेता, फक्त बोटांनी. मग खुर्चीवर बसून, कारण मुलाखत बसूनच होते आणि बसल्यावर आपली अर्धी ताकद जाते. टाचा टेकलेल्या, हात मांडीवर मोकळे, बोलताना उचलायला मोकळे. मुठी आवळून किंवा फाइल छातीशी धरून बसलीस की पोट आवळतं आणि पुन्हा तोच अर्धा श्वास.

रोज सकाळी चालायलाही जा, ऊन व्हायच्या आत, आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये आठनंतर चालणं म्हणजे डोकं दुखवून घेणं. चालताना मोठ्यानं बोल. तीन पावलांत श्वास आत, मग पुढची चार-पाच पावलं बोलत. चालणारा माणूस दम कोंडून फार वेळ बोलू शकत नाही, पाय त्याला सोडायला लावतात. लोक बघतील म्हणून कानात इअरफोन घाल, सगळ्यांना वाटेल फोन चालू आहे.

इथपर्यंत सगळं एकटीचं झालं आणि एकटीनं केलेल्यावर मन विश्वास ठेवत नाही. पुढं माणसं वाढवत न्यायची. बहीण, मग बहीण आणि तिची मैत्रीण, मग कॉलेजच्या ग्रुपमधले चौघं, मग ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन दुकानदाराला दोन प्रश्न विचारणं, मग एखाद्या सरांना विनंती करून खोटी मुलाखत. प्रत्येक पायरीआधी वहीत एक ओळ लिही: काय होईल असं वाटतंय. ‘दोन मिनिटांत गप्प होईन आणि दोघी हसतील.’ झाल्यावर त्याखाली काय झालं ते लिही, जसं झालं तसं. हसल्या असतील तर ‘हसल्या’ लिही. महिन्याभरानं ही वही वाच. ‘मी धीट आहे’ या वाक्याला तुझं मन कधीच होकार देणार नाही, पण ‘परवा दुकानात चार जणांसमोर औषधाच्या मात्रेबद्दल विचारलं आणि त्यानं नीट उत्तर दिलं’ याला नाही कसं म्हणणार?

या पायऱ्यांवर श्वासाबद्दल एक बारीक गोष्ट आहे, ती बऱ्याच योगशिक्षकांच्याही लक्षात येत नाही. श्वास भीती घालवण्यासाठी वापरायचा नाही, भीती असताना तिथं टिकून राहण्यासाठी वापरायचा. धडधड शून्यावर आल्याशिवाय बोलायचंच नाही असं ठरवलंस तर मन नवीन समजूत धरतं, ‘श्वास केला म्हणून वाचले, नाहीतर मेले असते’. मग एखाद दिवशी श्वास करायला सवड मिळाली नाही की सगळं कोसळतं. म्हणून एखादी पायरी दोन-तीनदा श्वासासह जमली की एकदा मुद्दाम काही न करता, धडधडत्या छातीनं कर. छाती धडधडत असताना वाक्य पूर्ण होतं, हे अंगाला कळणं फार मोठं आहे.

आता जे समजुतीत मोडतच नाही ते. तू लिहिलंस की पुण्यातल्या एका मुलाखतीत तू ‘सांगायलेय’ म्हणालीस आणि समोरचे दोघं एकमेकांकडं बघून हसले. ते त्यांचं वागणं. बोलीवर हसणाऱ्याचा दोष तू स्वतःच्या श्वासात शोधू नकोस. मुलाखतीपुरती प्रमाण भाषेची तयारी कर, कपडे इस्त्री करतो तशी, पण त्याला आतलं काही बिघडलंय असं नाव देऊ नकोस. इंग्रजीचंही तसंच. ती येत नाही म्हणजे शिकायची बाकी आहे.

आणि रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. जिना चढल्यावर धाप, बसल्या जागी धडधड, दुपारी गळून जाणं, हे सगळं कमी रक्तानंही होतं आणि पोरी त्यालाच ‘मी कमजोर आहे, मी मंद आहे’ म्हणत बसतात. जेवणासोबत चहा घेत असशील तर आधी तो बंद कर, त्यानं अन्नातलं लोह पुरतं अंगी लागत नाही.

काही ठिकाणी सावध राहा. दोन दिवसांच्या शिबिरात झोपवून, मोठ्या संगीतावर भराभर श्वास घ्यायला लावतात, लोक थरथरतात, ढसाढसा रडतात, आणि याला ‘गाठ सुटली’ म्हणतात. भराभर श्वासानं थरथर येणारच, ते शरीराचं रसायन आहे. रडून हलकं वाटतं हे कबूल, पण सोमवारी मुलाखतीची खुर्ची तीच असते. ज्यांना फिट्स, हृदयाचा त्रास, वाढलेला रक्तदाब आहे किंवा ज्या गरोदर आहेत त्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. डोळे मिटून श्वासाकडं लक्ष दिल्यावर तुझी घुसमट वाढत असेल तर डोळे उघडे ठेव, खोलीतल्या वस्तू मोज, नाहीतर सरळ चालायला लाग. पूर्वी कुणी मारहाण केली असेल, नकोसा स्पर्श केला असेल आणि श्वास घेताना तेच डोळ्यांपुढं येत असेल, तर हे एकटीनं करायचं काम नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जगून काय उपयोग असं वाटायला लागलं तर सराव बाजूला ठेव आणि १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी नंबरवर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराचा विभाग असतो.

राहिला घरी सांगायचा प्रश्न. ‘मला मनाचा त्रास आहे’ असं सांगितलंस तर आई काळजीनं अर्धी होईल आणि कुणीतरी लग्नाचं बोलायला लागेल. तसं सांगायची गरज नाही. वडिलांना एवढंच म्हण, ‘अण्णा, मुलाखतीची तयारी करायलेय, रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं तुम्ही साहेब व्हा.’ त्यांना खुर्चीवर बसव, तू समोर बस. सोयाबीनचं विचारायला सांग, मग कापसाचं, आणि शेवटी असं काहीतरी, ज्याचं उत्तर तुला येत नाही. ‘हे मला माहीत नाही सर, बघून सांगते’ हे वाक्य पूर्ण श्वासात, मान वर ठेवून म्हणायचा सराव तुझ्या तयारीत अजिबात नाही, आणि दोन्ही मुलाखतींत तू अडकलीस ती तुझ्या पत्रावरून तरी नेमकी तिथंच.